सिकलसेलच्या मुलांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची गुंतागुंत मोजायचीय? मग सुरुवातीपासून नीट बघू

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक म्हणजे पीजी रेसिडेंट, ज्याला गाइडने थीसिससाठी "सिकलसेलच्या मुलांचे एमआरए पडलेत, त्याचं फ्रॅक्टल डायमेन्शन काढ" असं सांगून सोडून दिलंय. (एमआरए म्हणजे एमआरआय मशीनवर काढलेलं रक्तवाहिन्यांचं चित्र, आणि फ्रॅक्टल डायमेन्शन म्हणजे त्यांची गुंतागुंत सांगणारा एक आकडा.) दुसरा म्हणजे बायोमेडिकलचा नाहीतर फिजिक्सचा विद्यार्थी, ज्याला कोडिंग येतं पण मुलाच्या डोक्यात कुठली वाहिनी कुठे असते ते माहीत नाही. मी दुसऱ्या बाजूने आलो आणि पहिल्या बाजूच्या लोकांसोबत काम करतो, त्यामुळे दोघांची अडचण रोज बघतो.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबलं की आकडा येतो, १.४ काहीतरी, आणि त्याला काहीच वेळ लागत नाही. तो आकडा मुलाच्या वाहिन्यांचा आहे, की स्कॅनरचा, की तुमच्या थ्रेशोल्डचा (किती चमकलं की वाहिनी धरायची ती सीमा), हे कळायलाच सगळा वेळ जातो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आणि कुणी पालक हे वाचत असतील तर: हा अजून संशोधनाचा आकडा आहे, यावरून मुलाचं औषध बदलायचं नाही. मुलाला एसएस पॅटर्न (आई-वडील दोघांकडून सिकलचं जनुक आलेलं) असेल तर २ ते १६ वर्षं वयात दरवर्षी डोक्याची टीसीडी, म्हणजे ट्रान्सक्रेनियल डॉपलर करून घ्यायची, ती तपासणी सिद्ध झालेली आहे. ती कुठे होते ते डॉक्टरांना विचारा. बाकीचा लेख सोडून दिलात तरी चालेल.

१. आजार वाहिन्यांचं काय करतो ते आधी समजून घ्या

ही पायरी कोडिंगवाले हमखास गाळतात आणि मग शेवटी निकाल उलटा आला की गोंधळतात.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं, एवढाच बदल. पण त्यामुळे ऑक्सिजन सुटला की लाल पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, फुटतात, वाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात. मेंदूत याचा फटका मोठ्या वाहिन्यांना बसतो: इंटर्नल कॅरोटिडचं वरचं टोक, आणि तिथून निघणाऱ्या मिडल आणि अँटिरियर सेरेब्रलचा सुरुवातीचा भाग. आतलं अस्तर जाड होत जातं, वाट अरुंद होते, आणि एक दिवस स्ट्रोक येतो. अमेरिकेतल्या १९९८ च्या मोठ्या पाहणीत एसएस असलेल्या साधारण ११ टक्के लोकांना वयाच्या २० वर्षांपर्यंत स्ट्रोक येतो असं दिसलं होतं. त्याच वर्षी स्टॉप ट्रायल आली: टीसीडीवर मेंदूच्या वाहिनीतल्या रक्ताचा वेग २०० सेंमी प्रतिसेकंद किंवा त्याहून जास्त असलेल्या मुलांना नियमित रक्त चढवलं तर पहिल्या स्ट्रोकचा धोका ९२ टक्क्यांनी कमी झाला. हे आकडे विदर्भातल्या किंवा नंदुरबारच्या मुलांना जसेच्या तसे चिकटवू नका. आपल्याकडे बहुतेकांत अरब-इंडियन हॅप्लोटाइप (सिकलच्या जनुकाभोवतीच्या खुणांचा एक ठरावीक संच) असतो, एचबीएफ (गर्भातलं हिमोग्लोबिन) जास्त असतं, आजाराची चाल वेगळी असते.

आता मोजमापाच्या दृष्टीने महत्त्वाचं. या एकाच आजारात वाहिन्यांवर तीन वेगवेगळ्या गोष्टी घडतात आणि त्या आकड्याला वेगवेगळ्या दिशेला ओढतात:

- वाट अरुंद झाली, बंद पडली, की पुढच्या फांद्या चित्रातून गायब होतात. गुंतागुंत कमी दिसते.
- मोठी वाहिनी हळूहळू बंद होत असेल तर मेंदूच्या तळाशी बारीक वाहिन्यांचं पर्यायी जाळं उभं राहतं, त्याला मोयामोया म्हणतात. गुंतागुंत वाढलेली दिसते.
- ॲनिमिया असल्यामुळे मेंदूकडे जाणारं रक्त वाढतं, वाहिन्या रुंद होतात, वाकड्यातिकड्या होतात, बॅसिलर आर्टरीत तर हे कित्येकदा नुसत्या डोळ्यांना दिसतं. यानेही आकडा हलतो.

म्हणजे एकाच मुलात डाव्या बाजूला फांद्या गेल्यात आणि उजवीकडे वळणं वाढलीत असं असेल तर अख्ख्या डोक्याचा आकडा एकदम नॉर्मल येऊ शकतो. म्हणून डावं-उजवं वेगळं मोजायचं, आणि "आजारात फ्रॅक्टल डायमेन्शन कमी होईल" असलं सरसकट गृहीतक सिनॉप्सिसमध्ये लिहायचं नाही. कुठल्या भागात, कुठल्या कारणाने, कुठल्या दिशेला, ते लिहा.

२. कागदपत्रं गोळा करा (स्कॅन उघडायच्या आधी)

- एथिक्स कमिटीची मंजुरी. आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, आणि मुलांवरच्या संशोधनासाठी त्यांचीच वेगळी पुस्तिका आहे तीही वाचा. जुने स्कॅन वापरणार असाल तरी मंजुरी लागतेच, फक्त संमतीतून सूट मागता येते, आणि ती लेखी मागावी लागते.
- पालकांचं संमतीपत्र. ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी सहमती, १२ ते १८ ची लेखी.
- रेडिओलॉजी विभागाकडून डेटा वापरायची लेखी परवानगी. तोंडी "घेऊन जा रे" वर विसंबू नका, माणूस बदलला की ते "घेऊन जा" पण जातं.
- प्रत्येक मुलाचा एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिसचा (हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखणाऱ्या तपासण्या) रिपोर्ट. नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर एएस (एकच सिकल जनुक असलेले, वाहक) आणि एसएस वेगळे ओळखता येत नाहीत. सिकल-बीटा थॅलेसेमियावाली मुलंही आपल्याकडे असतात, ती एसएसमध्ये मिसळली की सगळं गढूळ होतं.
- स्कॅनच्या दिवसाचं किंवा त्याच्या अगदी जवळचं हिमोग्लोबिन, शेवटचं रक्त कधी चढवलं ती तारीख, हायड्रॉक्सीयुरिया (सिकलसेलचं औषध) चालू आहे का आणि कधीपासून, टीसीडीचा रिपोर्ट.
- परदेशी पार्टनर असेल तर आयसीएमआरमार्फत हेल्थ मिनिस्ट्रीच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी. याला वेळ लागतो, थीसिसच्या शेवटच्या वर्षात सुरू करू नका.

संमतीपत्र मराठीत केलं म्हणजे झालं असं नाही. गडचिरोलीत माडिया किंवा गोंडी, मेळघाटात कोरकू, नंदुरबारला भिली बोलणारे पालक येतात आणि "फ्रॅक्टल" वगैरे सोडाच, "संशोधन" या शब्दावरच गाडी अडते. त्यांची भाषा बोलणारी आशाताई किंवा समुपदेशक सोबत बसवा आणि त्यांनाही आधी नीट समजावून सांगा, कारण पालक प्रश्न तुम्हाला नाही, त्यांनाच विचारणार.

अजून एक, प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहून ठेवा: मोजताना एखाद्या स्कॅनमध्ये घट्ट आकुंचन किंवा फुगवटा दिसला आणि जुन्या रिपोर्टमध्ये तो नाही, तर कुणाला कळवायचं. नाव आणि फोन ठरलेला पाहिजे, त्याच दिवशी कळवायचं. डेटा ॲनॉनिमाइज केल्यामुळे मूल कोणतं ते कळत नाही, असं म्हणायची वेळ येऊ नये, म्हणून कोड आणि नावाची किल्ली एका जबाबदार डॉक्टरकडे कुलपात ठेवा.

३. साधनं

फार काही लागत नाही. १६ जीबी रॅमचा लॅपटॉप चालतो. डायकॉमचं (स्कॅनरच्या फाइलींचं) निफ्टी (संशोधनात वापरतात ती फाइल) करायला डीसीएमटूएनआयआयएक्स, बघायला आणि हाताने दुरुस्त करायला थ्रीडी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप, बाकी सगळं पायथनमध्ये सिंपलआयटीके आणि स्कायकिट-इमेज. कोडिंग येत नसेल तर फिजी घ्या, त्यात स्केलेटन (वाहिनीची मधली रेघ) काढायचं आणि बोनजे या प्लगइनमध्ये फ्रॅक्टल डायमेन्शनचं तयार साधन आहे. सगळं फुकट आहे.

मुलांचा डेटा हातात येईपर्यंत सराव करायचा तर लंडनच्या आयएक्सआय संग्रहातले एमआरए मोकळे मिळतात. टोपकाउ स्पर्धेच्या डेटात विलिस वर्तुळाच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्याच्या) वाहिन्या आधीच रंगवून दिलेल्या आहेत, ॲनाटॉमी शिकायला तो छान आहे. पण हे सगळे मोठ्या माणसांचे आहेत, त्यांना "नॉर्मल कंट्रोल" म्हणून मुलांसमोर उभं करायचं नाही. (हे लोक करतात. खरंच करतात.)

४. स्कॅन तपासा, आणि फेकायचे ते फेका

बाहेरच्या सेंटरवरून आलेली सीडी उघडली की पहिली चौकशी ही, की त्यात सोर्स इमेजेस (मूळ स्लाइस) आहेत का? पुष्कळदा फक्त एमआयपी, म्हणजे गोल गोल फिरणारी प्रोजेक्शनची चित्रं भरलेली असतात, कारण डॉक्टरला बघायला तेवढी पुरतात. एमआयपी सपाट असतं, त्यात मागची वाहिनी पुढचीला छेदून गेल्यासारखी दिसते, नसलेल्या फांद्या तयार होतात. त्यावरून थ्रीडी मोजमाप होत नाही. मला अशी एक गठ्ठाभर सीडी आली होती, फोन केला तर कळलं सोर्स डेटा सर्व्हरवरून कधीच उडवलेला. म्हणून आधी फोन करा, मग माणूस पाठवा.

सोर्स इमेजेस असतील तर डायकॉम हेडर उघडून या गोष्टी एका एक्सेलमध्ये भरा: स्कॅनर कुठला, १.५ टेस्ला की ३, व्हॉक्सेलचा (चित्राच्या थ्रीडी ठिपक्याचा) आकार, स्लाइसची जाडी आणि दोन स्लाइसमधलं अंतर (हे दोन वेगळे असतात, बघा), टीई (पल्स दिल्यापासून सिग्नल मोजेपर्यंतचा वेळ), फ्लिप अँगल, किती स्लॅब (एका वेळी स्कॅन होणारा जाड तुकडा).

इथे एक लपलेला सापळा आहे. हेडरमध्ये व्हॉक्सेल ०.३ मिमी दिसतो आणि आपण खूश होतो, पण स्कॅनरने मोजलेला असतो ०.६ आणि उरलेलं मशीनने मधे भरून गुळगुळीत केलेलं असतं. अक्विझिशन मॅट्रिक्सचा टॅग बघितला की कळतं. दोन सेंटरचे स्कॅन एकत्र करताना हे बघितलं नाही तर तुम्ही मुलांची नाही, सेंटरची तुलना करताय.

मग प्रत्येक स्कॅन डोळ्याने बघा. मूल हललं असेल तर वाहिनीला सावली दिसते, दुहेरी कडा दिसतात. स्लॅब जिथे जोडलेत तिथे आडवा पट्टा दिसतो आणि वाहिनी तिथे पायरीसारखी तुटते. असे स्कॅन बाद करायचे नियम आधी लिहा, आणि निकाल माहीत नसताना बाद करा.

झोपेचं औषध देऊन काढलेला स्कॅन आणि जागेपणी काढलेला स्कॅन, याचीही नोंद हवी. औषधाने श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदूतला रक्तप्रवाह वाढतो. लहान मुलं औषध देऊन आणि मोठी मुलं जागी, असं जवळपास सगळीकडेच असतं, म्हणजे वय आणि औषध एकमेकांत अडकलेले.

५. टीओएफ रक्ताचा प्रवाह दाखवतं, भिंत नाही

एवढी एक गोष्ट समजली तरी अर्धं काम झालं असं माझं मत आहे.

आपण वापरतो तो टाइम-ऑफ-फ्लाइट एमआरए, म्हणजेच टीओएफ. यात इंजेक्शन लागत नाही. स्लॅबमधल्या स्थिर पेशींना वारंवार पल्स देऊन थकवलेलं असतं, म्हणून त्या काळसर दिसतात, आणि बाहेरून ताजं रक्त आत शिरलं की ते पांढरं चमकतं. म्हणजे चमकणारी गोष्ट ही "इथे ताजं रक्त पुरेशा वेगाने आलं" एवढंच सांगते.

आता सिकलसेलचं मूल घ्या. हिमोग्लोबिन कमी, त्यामुळे रक्ताचा वेग जास्त. वेग जास्त म्हणजे रक्त थकायच्या आत लांबच्या बारीक फांद्यांपर्यंत पोचतं, म्हणून त्या फांद्या जास्त दिसतात. त्या निरोगी भावाच्या डोक्यातही आहेतच, फक्त त्याच्या स्कॅनमध्ये फिक्या पडल्यात. तुम्ही मोजलं तर आजारी मुलाची गुंतागुंत जास्त निघणार आणि वाहिन्यांची रचना एका केसाइतकीही बदललेली नसणार. उलट बाजूने, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) कमी असलं की रक्ताचा टी-वन (पल्सनंतर सावरायला लागणारा वेळ) लांबतो, त्याने रक्त जास्त थकतं, म्हणजे हा परिणाम पहिल्याच्या विरुद्ध. दोन्हीची वजाबाकी तुमच्या स्कॅनरच्या सेटिंगवर ठरते.

वरून, जिथे वाहिनीला फांदी फुटते किंवा ती वळते तिथे वेगामुळे भोवरे होतात आणि सिग्नल गळतो. कॅरोटिडच्या टोकाला तर हे ठरलेलं. चित्रात तिथे आकुंचन दिसतं आणि खरं तर ते नसतं. टीई जितका कमी तितका हा त्रास कमी. आणि खरोखरच्या आकुंचनाच्या पुढे रक्त मंद चालतं, तिथल्या फांद्या जिवंत असून चित्रात दिसत नाहीत.

याचा उपाय? पूर्ण उपाय नाही. पण हिमोग्लोबिन हे गणितात घ्यायलाच हवं (पायरी १० बघा), म्हणूनच वर कागदपत्रांत स्कॅनच्या दिवसाचं हिमोग्लोबिन मागितलं.

६. सगळ्यांचा एकच तुकडा कापा

एका मुलाच्या स्कॅनमध्ये स्लॅब मानेपासून सुरू होतो, दुसऱ्याच्यात कवटीच्या तळापासून, तिसऱ्याचा वरचा भागच नाही. जास्त वाहिन्या आत आल्या की आकडा बदलणार. म्हणून सगळ्यांसाठी एक हद्द ठरवा, उदाहरणार्थ बॅसिलरच्या टोकापासून खाली इतके मिमी आणि वर इतके मिमी, आणि ज्या स्कॅनमध्ये तेवढा भाग नाही तो वगळा.

कवटी काढायला तयार टूल वापरताना सांभाळा. बरीचशी टी-वन चित्रांसाठी बनवलेली असतात, टीओएफवर चालवली की कवटीच्या तळाशी कॅरोटिडच कापून टाकतात. आणि अजिबात काढलं नाही तर डोळ्यामागची चरबी, टाळूवरच्या वाहिन्या, सगळं मोजणीत येतं. मी मास्क (कुठला भाग ठेवायचा त्याचा साचा) बनवून मग तळाचा भाग हाताने वाढवतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

वाहिन्या वेगळ्या करण्याआधी चित्र सगळ्या दिशांना सारख्या व्हॉक्सेलचं करून घ्या, समजा ०.५ मिमी, आणि सगळ्यांना तोच आकार.

७. सेगमेंटेशन

म्हणजे चित्रातून वाहिन्या वेगळ्या काढणं. क्रम साधारण असा: एन-फोर करेक्शन (चित्रातला असमान उजेड सारखा करणं), थोडं डीनॉइजिंग, मग फ्रांजी फिल्टर, मग थ्रेशोल्ड, मग सुटे तुकडे काढून टाकणं, मग हाताने दुरुस्ती.

फ्रांजी फिल्टर १९९८ पासूनचा आहे आणि अजूनही चांगला चालतो, तो नळीसारखं जे दिसेल ते उजळवतो. पण वाहिनी जिथे दोन फांद्यांत फुटते ती जागा नळीसारखी नसते, तिथे तो दबतो आणि फांदी मुळापासून तुटते. नंतर "सुटे तुकडे काढा" चालवलं की ती अख्खी फांदी कचऱ्यात! म्हणून आधी जोडा, मग काढा.

एकच थ्रेशोल्ड आकडा सगळ्यांना लावू नका, एमआरच्या ब्राइटनेसला ठरलेलं एकक नसतं. प्रत्येक स्कॅनच्या स्वतःच्या पार्श्वभूमीवरून ठरवा, आणि मग मुद्दाम १० टक्के वर आणि १० टक्के खाली नेऊन सगळं पुन्हा चालवा. दोन गटांमधला फरक तेवढ्यानेच उलटत असेल तर तो फरक नाहीच.

डीप लर्निंगची तयार मॉडेल्स वापरायला हरकत नाही, पण बहुतेक मोठ्यांच्या डोक्यावर शिकलेली असतात. मोयामोयाचं जाळं दिसलं की त्यातली काही "हा नॉइज आहे" म्हणून पुसून टाकतात, आणि नेमकं तेच आपल्याला मोजायचं होतं.

दुरुस्ती करणाऱ्याला मूल एसएस आहे की एए (सिकलचं जनुक नसलेलं) हे माहीत नसावं. निदान २० स्कॅन दुसऱ्या माणसाकडून वेगळे करून घ्या आणि आयसीसी (दोघांचे आकडे किती जुळतात त्याचं माप) काढा.

८. स्केलेटन

वाहिनी सोलून तिची मधली एक व्हॉक्सेलची रेघ काढायची. त्याआधी आतली भोकं बुजवा, नाहीतर प्रत्येक भोकाभोवती खोटं कडं तयार होतं. नंतर काठावरच्या खडबडीतपणामुळे निघालेले छोटे कोंब छाटा, पण किती लांबीपर्यंतचे ते मिमीमध्ये ठरवून सगळ्यांना सारखं. एकमेकींना चिकटून जाणाऱ्या दोन वाहिन्या (अँटिरियर सेरेब्रलची जोडी हमखास) एकच होऊन बसतात, त्या बघा.

विलिसचं वर्तुळ हे खरोखरचं कडं आहे. झाडासारखी रचना गृहीत धरणारं कोड तिथे अडतं किंवा गुपचूप एक दुवा तोडतं.

९. बॉक्स काउंटिंग, हळूहळू

कल्पना सोपी आहे. कोकणचा किनारा १० किलोमीटरच्या पट्टीने मोजला तर एक लांबी येते, १ किलोमीटरच्या पट्टीने मोजला की खाड्या आत येतात आणि लांबी वाढते. मँडेलब्रोने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावरून हाच प्रश्न मांडला होता. पट्टी लहान करत गेलो की मोजणी किती वेगाने वाढते, तो वेग म्हणजे डायमेन्शन. सरळ रेघेला १, सपाट पृष्ठाला २, भरीव ठोकळ्याला ३. वाहिन्यांची रेघ-रचना या पट्टीवर १ आणि २ च्या मध्ये कुठेतरी पडते. वाहिन्यांच्या भरीव मास्कवर मोजलं की जास्त येतं, म्हणून स्केलेटनचा आकडा आणि मास्कचा आकडा एका टेबलात मिसळायचे नाहीत.

आधी कोड तपासा. सरळ रेघ द्या, १ आलं पाहिजे. ठोकळा द्या, ३. मग मेंगर स्पंज बनवा, त्याचं डायमेन्शन २.७२७ हे गणिताने माहीत आहे. पण तो तिनाच्या घातांवर बनतो, त्यामुळे ८१ किंवा २४३ व्हॉक्सेलचा घ्या आणि बॉक्स १, ३, ९, २७ असे ठेवा. २, ४, ८ ने मोजलं की आकडा डगमगतो आणि माणूस उगाच कोडमध्ये बग शोधत बसतो.

आता खरी गंमत. समजा एका स्केलेटनची मोजणी अशी आली (समजवण्यासाठी बनवलेले आकडे आहेत):

- बॉक्स १ व्हॉक्सेल: ५६००
- बॉक्स २: २७००
- बॉक्स ४: १२००
- बॉक्स ८: ४३०
- बॉक्स १६: १५४
- बॉक्स ३२: ५२

सगळ्या सहा बिंदूंतून लॉग-लॉग रेघ काढा. उतार १.३६ येतो, आर-स्क्वेअर ०.९९. लोक इथेच थांबतात, "फिट उत्तम आहे" लिहितात आणि पुढे जातात.

आता दोन-दोन बिंदूंमधला उतार काढा. १ ते २ मध्ये १.०५. २ ते ४ मध्ये १.१७. ४ ते ८ मध्ये १.४८. ८ ते १६ मध्ये पुन्हा १.४८. १६ ते ३२ मध्ये १.५७. म्हणजे लहान बॉक्सला आपल्याला दिसतंय ते फक्त "रेघ ही रेघ असते", तिथे १ च्या आसपासच येणार. मोठ्या बॉक्सला मोजणीच इतकी थोडी उरते की एका-दोन बॉक्सनी उतार हलतो. मधला ४ ते १६ चा पट्टाच काय तो स्थिर आहे. सगळे बिंदू घेतले तर १.३६, ४ ते १६ घेतलं तर १.४८, ४ ते ३२ घेतलं तर १.५१. मूल तेच, स्कॅन तोच! खिडकी बदलली की आकडा बदलतो, आणि आर-स्क्वेअर ०.९९ असूनही याची काहीच कल्पना देत नाही, कारण लॉग-लॉग कागदावर जवळपास काहीही सरळ दिसतं.

म्हणून:

- प्रत्येक मुलाचा दोन-दोन बिंदूंमधला उतार काढून आलेख बघा.
- सगळ्यांसाठी एकच खिडकी ठरवा, आणि ती मिमीमध्ये ठरवा, व्हॉक्सेलमध्ये नाही. वरच्या उदाहरणात व्हॉक्सेल ०.५ मिमी असेल तर ४ ते १६ म्हणजे २ ते ८ मिमी.
- बॉक्सची जाळी कुठून सुरू होते त्यानेही मोजणी बदलते. जाळी इकडेतिकडे सरकवून पुष्कळदा मोजा आणि प्रत्येक आकाराला सगळ्यात कमी आलेली मोजणी घ्या.
- खिडकी अर्धी-मुर्धी सरकवून निकाल टिकतो का ते बघा आणि न टिकल्यास तसं लिहा.

आणखी एक, २ ते ८ मिमी एवढ्याशा पट्ट्यावर मोजलेल्या गोष्टीला "मेंदूतल्या वाहिन्या फ्रॅक्टल आहेत" असं म्हणू नका. केशवाहिन्या या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत. आपण मोजतो ती मोठ्या आणि मध्यम धमन्यांची जागा व्यापायची पद्धत, बस.

१०. सोबतीचे आकडे, आणि तुलना कुणाशी

फ्रॅक्टल डायमेन्शन एकट्याने पाठवू नका. स्केलेटनवरून फुकटात निघणारे आकडे सोबत काढा: एकूण लांबी, फांद्या फुटण्याच्या जागा किती, सरासरी जाडी, आणि वळणदारपणा. वळणदारपणाचं सगळ्यात साधं माप म्हणजे वाहिनीची खरी लांबी भागिले दोन टोकांमधलं सरळ अंतर, ४२ मिमीची वाहिनी ३० मिमीच्या अंतरात बसली तर १.४. हे मोठं एकच वळण आणि बारीक नागमोडी यात फरक करत नाही, तो हवा असेल तर वळणांचे कोन बेरजेला धरणारी मापं आहेत.

मग एक तपासणी कराच: डायमेन्शन आणि एकूण लांबी यांचा एकमेकांशी किती संबंध आहे? जवळपास एकास एक असेल तर डायमेन्शनने नवीन काही सांगितलं नाही, लांबीच सांगितली असती तर चाललं असतं. रिव्ह्यूअर हे विचारणार, त्याच्या आधी तुम्ही विचारा. माझा अनुभव असा की वळणदारपणा आणि डाव्या-उजव्यातला फरक हे दोन साधे आकडे डॉक्टरांना लगेच कळतात, आणि डायमेन्शन समजावून सांगण्यात मीटिंग संपते.

तुलनेसाठी सगळ्यात चांगली म्हणजे भावंडं. घर तेच, खाणं तेच, शक्य असेल तर स्कॅनर तोच. एएस आणि एए दोन्ही चालतील पण वेगळे नोंदवा. एकाच घरातली दोन मुलं म्हणजे दोन सुटी माणसं नाहीत, गणितात घराचा रँडम इफेक्ट (एका घरातली मुलं एकमेकांसारखी असतात हे धरणारा भाग) टाका. वय, मुलगा-मुलगी, कवटीच्या आतलं आकारमान, हिमोग्लोबिन, झोपेचं औषध, स्कॅनर, हे सगळं मॉडेलमध्ये. मेंदू सहाव्या वर्षापर्यंत मोठ्यांच्या साधारण ९० टक्के आकाराचा झालेला असतो, त्यामुळे ४ आणि १४ वर्षांच्या मुलांत आकाराचा फरक फार नसतो, पण शून्यही नसतो.

हिमोग्लोबिनबद्दल एक अडचण आहे ती सांगतो. आजार असलेल्या जवळपास सगळ्यांचं कमी आणि नसलेल्यांचं जास्त, त्यामुळे ते मॉडेलमध्ये टाकलं की आजाराचा परिणामच पुसला जाऊ शकतो. म्हणून टाकून आणि न टाकता, दोन्ही निकाल द्या. त्याहून बरं म्हणजे फक्त एसएस मुलांच्या आत बघा: टीसीडीचा वेग जास्त असलेली विरुद्ध कमी असलेली, हिमोग्लोबिन सारखं ठेवून. मुलं कमी उरतात, पण उत्तर खरं निघायची शक्यता जास्त.

११. लिहिताना हे सुटू देऊ नका

मेथड्समध्ये व्हॉक्सेल (मोजलेला आणि भरलेला, दोन्ही), टीई, स्लॅब, कापलेली हद्द, थ्रेशोल्ड कसा ठरवला, कोंब किती मिमीपर्यंत छाटले, खिडकी किती मिमीची, जाळी किती वेळा सरकवली, किती स्कॅन बाद झाले आणि का. हे सगळं असलं तरच दुसरं कुणी तुमचा आकडा स्वतःच्या आकड्याशेजारी ठेवू शकेल. दुसऱ्या पेपरातला १.५ घेऊन "आमची मुलं त्यांच्यापेक्षा कमी गुंतागुंतीची" असं लिहिणं चुकीचंच आहे, कितीही मोह झाला तरी.

डेटा शेअर करणार असाल तर नाव काढलं म्हणजे ओळख गेली असं समजू नका. स्लॅब खालपर्यंत असेल तर चेहऱ्याचा भाग त्यात असतो, तो पुसा. आणि टेबलात गावाचं किंवा पाड्याचं नाव ठेवू नका. वीस घरांच्या पाड्यावर एसएस असलेली ९ वर्षांची मुलगी म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळतं, आणि पुढे लग्न जमवताना ते कुणी विसरत नाही. जिल्हा पुरे, आणि मुलं थोडी असतील तर जिल्हाही नको, नुसतं "पूर्व विदर्भ" लिहा. फाइलच्या नावातही बघा, स्कॅन सेंटरवाले फोल्डरला मुलाचं नाव आणि वडिलांचा मोबाइल नंबर जोडून देतात, हेडर स्वच्छ केलं तरी ते तसंच राहतं.